फिलूबायची भिंत

उत्तनला मी आठ वर्षं नोकरी केली. त्या आठ वर्षांत फळ्याकडे पाठ करून जेवढी उभी राहिले, त्याहून जास्त वेळ मी फिलूबायच्या पाठीला पाठ लावून उभी होते. मी तिची भिंत होते. हे कौतुकानं सांगत नाही, तो माझा हुद्दाच होता. "बाय, चल, भित्त पाहिजे," अशी अंगणातून हाक यायची आणि मी पोरींच्या वह्या तशाच टाकून उठायचे.

मी मूळची वाईची. ट्रेनिंग कॉलेज पास झाले, मुंबईच्या आसपास नोकरी लागली म्हणून घरात पेढे वाटले गेले. हे 'आसपास' म्हणजे भाईंदर स्टेशनला उतरून, टांग्यात बसून, मिठागरांच्या कडेनं राई गाव मागं टाकून, हाडं खिळखिळी होईपर्यंत समुद्राच्या दिशेनं जायचं, हे पेढे खाणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मराठी शाळेत मुलींसाठी बाई हवी होती. एकट्या अविवाहित बाईनं राहायचं कुठं, यावर गावानं एकमतानं बोट दाखवलं ते फिलूबायच्या घराकडे. फिलूबाय म्हणजे फिलोमिना, गावची सुईण. विधवा, गोल, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं लाल लुगडं. घरात ती आणि तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी रेजीन, एवढीच माणसं.

टांग्यातून उतरले तेव्हा ती अंगणातच उभी होती. पोटाशी एक काळा डबा घट्ट धरलेला, मान खाली, आणि सगळं अंग गदागदा हलत होतं. मला वाटलं, हिला हिवताप भरलाय. मी घाईनं म्हटलं, "अहो, आत जाऊन पडा, मी सामान घेते." तेवढ्यात डबा 'टिक' असा वाजला आणि ती मटकन पायरीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिवताप नव्हता. ती हसत होती. तो फोटो पुढं धुऊन आला, त्यात टांग्याच्या घोड्याला सहा पाय आहेत आणि मी मुळीच नाही.

तरुणपणी ती वांद्र्याला एका मडमेकडे आया होती. मडम विलायतेला परत जाताना सगळ्या नोकरांना काही ना काही देऊन गेली. स्वयंपाक्याला घड्याळ मिळालं, माळ्याला छत्री आणि फिलूबायला हा डबा कॅमेरा. डबा पोटावर धरायचा आणि वरच्या लहानशा काचेत वाकून पाहायचं. काचेत समोरचं सगळं बोटाएवढं दिसतं, आणि डावं उजवीकडे. म्हणजे माणूस चर्चकडे निघाला की काचेत तो बंदराकडे निघतो. फिलूबायला हे पहिल्या दिवशी जेवढं मजेचं वाटलं, तेवढंच वीस वर्षांनंतरही वाटायचं. "बग गो, एवरासा पाद्री! उलटा चाललाय!" म्हणायची आणि संपलंच. तिचं हसू पोटात सुरू व्हायचं, आणि डबा नेमका पोटावर.

त्यामुळे गावातल्या घराघरांत हललेले फोटो होते. नवरानवरी एकमेकांत विरघळलेली, आजोबांना दोन काठ्या, बाळाच्या जागी दुधाच्या वाफेसारखं काहीतरी. कुणी तक्रार करत नसे. गावातली निम्मी माणसं फिलूबायच्याच हातांनी जगात आलेली. जिनं आपल्याला उलटं धरून पाठीत चापट मारली, ती आता फोटोत थोडं हलवते, एवढ्यावर लोक समजून घ्यायचे.

पण तिचं स्वतःचं समाधान होत नव्हतं. डबा स्थिर कसा धरायचा याचं तिनं एक शास्त्रच बनवलं होतं, आणि ते ती मला बाळंतविड्याच्या तपशिलानं शिकवायची. आधी पाय. एक पाय पुढं, एक मागं, होडीत उभं राहतात तसं. मग कोपरं. "कोपरां बरगडीला चिकटवाची. हात मोकले सोडलंस का डबा उडला." मग श्वास. पूर्ण श्वास कोंडला की छाती धडधडते, पूर्ण सोडला की हात गळतात, म्हणून अर्धा सोडायचा आणि तिथंच थांबायचं. त्यासाठी ती मनातल्या मनात नमो मारिया म्हणायची, आणि प्रार्थनेच्या अर्ध्यावर आली की खटका. "उरल्याली अर्दी फोटू झाल्यावं म्हनाची. उसनी ठेवाची न्हाय." आणि खटका म्हणजे तरी काय? "दाबाचा न्हाय, बाय. खटक्यावर अंगठा निजवाचा." मी एकदा दाबून पाहिला तेव्हा ती म्हणाली, तू उंदराचा पिंजरा लावतेस. त्यानंतर डब्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

शिवाय दोरी होती. जाळी विणायचं चिवट सूत घेऊन तिनं डब्याच्या बुडाला बांधलं होतं. खालच्या टोकाला फास. त्या फासात पाऊल घालायचं आणि डबा वर ओढून दोरी ताणायची. ताणलेली दोरी डब्याला वरखाली होऊ देत नाही. युक्ती खरोखरच उत्तम होती. फक्त फोटो झाला की पाय दोरीत आहे हे ती विसरायची आणि कौतुकानं पुढं धावायची. दोनदा पडली. एकदा तर नवरदेवाला घेऊन पडली.

हे सगळं करूनही पोट हलायचं ते हलायचंच. म्हणून शेवटचा उपाय भिंत. पाठ टेकली की अंग निम्मं हलतं, हा तिचा शोध. पण हवी तिथं भिंत नसते, आणि माडाला टेकलं तर माड वाऱ्यानं डोलतो. मग मी आले. मी उंच, हाडापेरानं मजबूत आणि, तिच्या मते, "हलन्याची हौस नसल्याली." आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या राहायचो. नियम एकच. "भित्तीन वलून बगाचं न्हाय."

आणि मी वळून पाहत नसे. शिस्तीची मोठी भोक्ती मी. त्यामुळे त्या गावातले सगळे मोठे प्रसंग मी पाठमोरी ऐकलेत. लग्नं, बाप्तिस्मे, नव्या होड्या पाण्यात ढकलणं, सगळं माझ्या मागं घडत होतं, आणि माझ्यासमोर वाळत घातलेले बोंबील. टांग्यातून उतरताना पाहिली तेवढीच; त्यानंतर फोटो काढताना फिलूबाय समोरून कशी दिसते, हे मी कधीही पाहिलं नाही. मला फक्त तिची पाठ कळायची. आधी कंबरेपाशी एक गुदगुली, मग ती मणक्यावरून चढत खांद्यापर्यंत यायची, आणि मग आम्ही दोघी हलायचो. वाईला आमच्या घरात मोठ्यानं हसायची पद्धत नव्हती. मला हसायला पाठीकडून शिकवलं ते फिलूबायनं.

घरात येशूच्या तसबिरीशेजारी एक फोटो लावलेला होता. त्यात एक करडा ओघळ दिसायचा आणि त्याच्या वरच्या टोकाला काहीतरी पांढरं. मी पहिले काही महिने तो धबधबा समजत होते. एकदा विचारलं.

"तो इनास," ती म्हणाली. "माजा नवरा."

"आणि हे पांढरं?"

"सरंगा. डोक्यावं ठेवलान. टोपी म्हनून." आणि डोक्यावर पापलेट घेतलेला नवरा आठवून ती पुन्हा नव्यानं हसायला लागली. इनासला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. तापानं गेला. त्याचा दुसरा फोटो नव्हता. मी मास्तरीण, मला हळहळ वाटली. एकुलता एक फोटो, आणि माणूस ओळखू येत नाही! मी तसं म्हटलंही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं म्हणणं कळलेलं दिसलं नाही.

तिच्या हसण्याला दोनच गोष्टी थांबवू शकत. एक झोप, आणि दुसरी कळा. होड्यांना आशीर्वाद द्यायच्या दिवशी मी ते पहिल्यांदा पाहिलं. त्या वर्षी तिनं नवा शोध लावला होता. कापडी पिशवीत धान्यासारखं काहीतरी भरून ती कठड्यावर ठेवायची आणि तिच्यात डबा रुतवायचा, म्हणजे डबा हलूच शकत नाही. कल्पना बिनतोड. पण धान्य वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं पिशवीत सुका जवळा भरला. आमच्याकडे मुकादम नावाचा एक बोका होता. वाळत घातलेल्या मासळीवर दिवसभर देखरेख करायचा, म्हणून मुकादम. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, फिलूबाय अर्ध्या नमो मारियावर आली, अंगठा निजला, आणि मुकादमानं पिशवीवर उडी घेतली. फोटोत आभाळ आलं आणि खालच्या कोपऱ्यात पाद्रीबाबांची तीन बोटं. त्यांनी तो फार आदरानं निरखला आणि म्हणाले, "आकाश छान आलंय."

पण मी सांगत होते ते वेगळंच. बोका पिशवी ओढतोय, डबा दोरीला लोंबकळतोय, फिलूबाय कठड्याला धरून खाली सरकतेय, तिच्याच्यानं श्वास घेववत नाही, अशा वेळी गर्दीतून एक बाई धावत आली. तिच्या सुनेचं पोट दुखायला लागलं होतं. मागं घरातून कण्हण्याचा आवाज येत होता. फिलूबायचं हसू जागच्या जागी मिटलं. कमी झालं नाही, मिटलं. ती उठली, हात धुतले आणि आत गेली. रेजीन पाठोपाठ कंदील आणि पिशवी घेऊन गेली. बाळंतपणाच्या वेळी हाताखाली नेहमी तीच असायची. दाराच्या फटीतून मला ते हात दिसले. दगडी पाट्यासारखे स्थिर होते. हेच हात डब्याला लागले की असे का होतात, हे कोडं मला काही सुटेना. रेजीनला मात्र ते कधीच सुटलं होतं, असं पुढं कळलं.

आता रेजीन. वीस वर्षांची, सडपातळ, कमी बोलणारी. चेहरा गंभीर आणि डोक्यात खोड्या. शेजारच्या तारोडी गावच्या लुवीजबायनं आपल्या मुलासाठी, दुमिंगसाठी, तिला विचारलं होतं. दुमिंग तिकडे इराकात, बसऱ्याला बंदरात कामाला. तो गाव सोडून गेला तेव्हा रेजीन परकरात होती, त्याला ती आठवत नव्हती. "फोटो पाठवा, मग कळवतो," असं त्याचं पत्र आलं. रेजीनला मुलगा पसंत होता. हे ती बोलली नाही, पण एकाच आठवड्यात तिनं मला बसरा नकाशात तीनदा दाखवायला लावला.

फोटो कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. फिलूबायनं काढला, पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. गावची पत्रं वाचायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे ते मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. 'फोटो पोचला. फोटूत दोन पोरी दिसतान. दोगी एकमेकीच्या अंगावं बसल्यान. त्यातली माजी कोन्ती ती कलवावी.'

फिलूबाय तासभर हसली. चुलीपाशी गेली, हसली. विहिरीवर गेली, तिथून आवाज आला. परत आली तेव्हा रेजीन कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली होती आणि तिचे खांदे हलत होते. ते हसणं नव्हतं. फिलूबाय दारातच थांबली. त्या घरात इतकी शांतता मी पूर्वी ऐकली नव्हती.

त्यात लुवीजबायचा निरोप आला. ईस्टरपर्यंत मुलाचा होकार आला नाही तर ती डोंगरीची एक मुलगी करणार होती. तोवर लढाई सुरू झालेली, वांद्र्याच्या दुकानांतून रोल नाहीसे झालेले. डब्यात आठ फोटोंचा एक रोल होता. नाताळात त्यातले सात फोटो संपले होते. डब्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत आठाचा आकडा दिसत होता, म्हणजे एक उरला होता. आणि तारोडीचा एक खलाशी लवकरच बसऱ्याच्या आगबोटीवर चढणार होता. पत्र त्याच्याबरोबरच जायला हवं होतं.

मी म्हटलं, "रेजीनला वांद्र्याच्या स्टुडिओत नेऊ."

"स्टुडिओवाल्याच्या फोटूत समद्या पोरी एकाच आयशीच्या दिसतान," फिलूबाय म्हणाली.

"मग मी काढते. मी हलणार नाही."

हे मी बोलायला नको होतं. तिनं डबा उचलला, पदरानं पुसला आणि उगाच पुन्हा पुसत बसली. तिच्या हातून आजवर एकही मूल दगावलं नव्हतं, याचा तिनं कधी तोरा मिरवला नाही. पण एकही फोटो नीट आला नव्हता, हे तिला किती लागत होतं ते मला त्या दिवशी दिसलं. शेवटी रेजीनच म्हणाली, "मावशी काढल. न्हाय तं कोनी न्हाय."

रविवारी, चर्चहून आल्यावर, अंगणात खुर्ची मांडली. रेजीन लाल रेशमी लुगडं नेसून, कानात कर्णफुलं घालून बसली. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवं, म्हणजे ते माझ्या तोंडावर. समोर मासळी वाळत घालायची वळण, तिच्याखाली मुकादम. पिशवी नको असं आधीच ठरलं होतं. बाकी सगळं शास्त्र पणाला लागलं. पाय पुढंमागं. दोरी ताणलेली. कोपरं बरगडीला, आणि ती सुटू नयेत म्हणून वरून माझं एक जुनं नऊवारी गुंडाळून मागं गाठ मारलेली. तिची पाठ माझ्या पाठीला.

"नमो मारिया..." सुरू झालं. आणि मला कंबरेपाशी ती गुदगुली कळली.

"फिलूबाय, नको," मी कुजबुजले.

"ती बग कशी बसलीय," ती गुदमरत म्हणाली, "एवरीशी! पोस्टाच्या तिकिटावली रानी!"

थांबलो. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा गुदगुली. तिसऱ्यांदा ती स्वतःवरच चिडली, स्वतःच्या मांडीला चिमटा घेतला, आणि चिमटा घेतल्याचंही तिला हसू आलं. ऊन चढत होतं. मला पाठीतून कळत होतं की ती हसतेही आहे आणि घाबरलीही आहे. अंगठा खटक्यावर होता. आता पोट हलत असतानाच तो निजणार आणि रेजीनचा बसरा बुडणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात माझ्या मागं एक किंकाळी उठली.

"आय गो! मावशी गो, मेलू!"

कळांचा आवाज होता तो. पहिलटकरणीचा, ऐन वेळचा, पोटाच्या तळातून आलेला. कुमारिका मुलगी, आणि हे काय? पण पाठीला पाठ होती, आणि त्या पाठीत काय झालं ते मी जन्मात विसरणार नाही. हसू ओसरलं नाही, विझलंही नाही. ते नव्हतंच मुळी. माझ्या मागं खरोखरची भिंत उभी होती. मी भिंत कसली, भिंत ती होती, मी तिला टेकलेली.

टिक.

पुढच्या क्षणी फिलूबाय ओरडली, "बाय, पानी तापव!" आणि धावली. पाय दोरीत होता. ती पडली, तिच्या कमरेला माझं नऊवारी, ते माझ्या पायांत, मी तिच्यावर पडले, आणि डबा वरच्या वर झेलला तो रेजीननं. ती खुर्चीतून उठून उभी होती, चेहरा नेहमीसारखा गंभीर.

"झाला का गो फोटू?" तिनं विचारलं.

फिलूबायला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं आडवं पडल्या पडल्या रेजीनला अशा शिव्या घातल्या की मी, वाईची मुलगी, आजही त्या लिहू शकत नाही. मग आम्ही तिघी जमिनीवर बसून हसलो. मी सर्वांत जास्त हसले.

पण कुंपणावरून शेजारची बेनेदिता डोकावली. "कोन अडलीय गो?"

लग्न ठरायच्या मुलीच्या अंगणातून असला आवाज आला, ही बातमी तारोडीला पोचायला एक दुपार पुरे झाली असती. आमचं हसू थिजलं.

"मांजर!" फिलूबाय म्हणाली.

"कोन, मुकादम?"

"हा."

"अगो, तो तं बोका हाय!"

फिलूबायनं मुकादमाकडे असं पाहिलं, जणू त्यानंच तिला फसवलं होतं. "दुसरी मांजर," ती म्हणाली. "आतमदी हाय. नवीन." बेनेदिता म्हणाली, उद्या पिल्लं बघायला येते. झालं. खोटं बोलू नये असं आठवडाभर मुलींना शिकवणारी मी, त्या दुपारी टांगा करून राईला गेले आणि माझ्या एका विद्यार्थिनीच्या आत्याकडून मांजरीसकट तीन पिल्लं टोपलीत घालून आणली. बेनेदिता आली, पाहिली, म्हणाली, "एका दिसाची पिल्लं चालतान पन?" फिलूबाय गंभीरपणे म्हणाली, "माज्या हातची हान."

फोटो धुऊन आला. मी पाकीट फोडलं, आणि वाचायचं काही नसतानाही चष्मा लावला. रेजीनच्या बांगड्या मोजता येत होत्या. पापणीन् पापणी दिसत होती. किंकाळी फोडून झाल्यावर ओठ नुकतेच मिटलेले, आणि त्यांच्या कोपऱ्यात दाबलेला खोडकरपणा. फार गोड दिसत होती. फिलूबायनं फोटो उजेडात नेला, तिरका केला, बराच वेळ बघितला. ती हसली नाही.

बसऱ्याचं उत्तर आलं. 'आता एकच दिसते. हीच पाहिजे.' ईस्टरला अजून चार दिवस बाकी होते. पुढच्या सुट्टीत दुमिंग आला, लग्न झालं, आणि दोनेक वर्षांनी तो तिला तिकडे घेऊन गेला. तो स्पष्ट फोटोही तिकडेच गेला. दुमिंगला दोन पोरी दिसल्या होत्या, तो पहिला फोटो रेजीननं परत आणवला होता. फिलूबायनं तो इनासच्या शेजारी लावला.

"अहो, चांगल्या फोटोची दुसरी प्रत काढून घ्यायची ना," मी म्हटलं.

"त्या फोटूत ती मना भेवडवते," ती म्हणाली. "ह्या फोटूत मना हसवते."

मग मी इनासकडे पाहिलं. सरंगा डोक्यावर घेतलेला तो करडा ओघळ. वर्षानुवर्षं मी त्याच्यासमोरून ये-जा केली होती, आणि त्यात काय आहे ते मला तेव्हा दिसलं. तो फोटो इनासचा नव्हताच. इनासला बघून हसणाऱ्या फिलूबायचा होता. मला फार लाज वाटली माझ्या हळहळीची.

लढाई संपली त्या साली माझी बदली झाली. निघायच्या आठवड्यात बसऱ्याहून आलेल्या एका माणसानं खजुराचा डबा आणून दिला. खजुराच्या खाली, कागदात गुंडाळलेला, एक कोरा रोल होता. सोबत रेजीनची चिठ्ठी होती, माझ्याकडूनच शिकलेल्या अक्षरात. 'पहिला फोटो भिंतीचा काढ.'

टांगा दारात उभा. सामान चढवलेलं. फिलूबायनं मला अंगणात, रेजीनच्या जागी, त्याच खुर्चीत बसवलं. तिच्या मागं आता कोणी नव्हतं. दोरी उंदरांनी कुरतडली होती. मी म्हटलं, दाराच्या चौकटीला तरी टेका. ती म्हणाली, "चौकट माज्यासंगती हसत न्हाय."

आणि त्या पहिल्या दिवसानंतर, आठ वर्षांनी, मी फोटो काढणारी फिलूबाय समोरून पाहिली. एक पाय पुढं, एक मागं. कोपरं बरगडीत. पदराचं टोक दातांत धरलेलं. डोळे काचेवर, भुवया वर चढलेल्या, आणि गालांवरून पाणी आत्ताच वाहायला लागलेलं. ओठ नमो मारिया पुटपुटत होते. मी शाळा तपासायला साहेब आल्यावर करते तसा चेहरा करून बसले होते. काचेत बोटाएवढी मास्तरीण तिला कशी दिसत असेल ते मला समजत होतं. पोट हलायला लागलं. डबा हलायला लागला.

मला युक्ती ठाऊक होती. एकदा कण्हले असते, "आय गो" म्हटलं असतं, तर ते हात दगडाचे झाले असते आणि माझ्या चष्म्याची काडीसुद्धा फोटोत स्पष्ट आली असती. मी तोंड घट्ट मिटून बसले.

टिक.

उत्तनचा माझ्याजवळ तेवढाच एक फोटो आहे. त्यात खुर्चीवर दोन बायका एकमेकींच्या अंगावर बसलेल्या दिसतात. घरी येणारी भाचरं विचारतात, आत्या, यातली तू कोणती? मी सांगते, यात मी नाहीच. ही फिलूबाय हसतेय.